वारू माझा थांबत नाही

मिस्त्री: वाजला ना? मग झालं तर.

कविराज: वाजला, पण अर्धा सूर वर वाजला.

मिस्त्री: कविराज, हॉर्न आहे तो. समोरचा बाजूला झाला की त्याचं काम संपलं.

कविराज: समोरचा होईल हो बाजूला. मी काय करू? माझी सगळी गाणी या गाडीच्या हॉर्नवर बांधलेली आहेत. वारूचा मूळ हॉर्न म्हणजे शुद्ध काळी दोन. गाडीत बसायचं, एकदा हॉर्न द्यायचा, सा मिळाला की गायला सुरुवात. आजवर एकदाही पेटी उघडावी लागली नाही.

मिस्त्री: काळी दोन म्हणजे?

कविराज: पेटीवरची पट्टी. गाणाऱ्यानं एकदा पट्टी धरली की तिथेच राहायचं असतं. हे तुमचं नवं भोंगाड पांढरी तीनमध्ये बोंबलतंय.

मिस्त्री: ते दुसऱ्या कंपनीचं आहे. वारूचा तो जुन्या घडणीचा हॉर्न आता कुठेच मिळत नाही.

कविराज: त्यांच्या शोरूममध्ये विचारलंत?

मिस्त्री: तिथे गाद्या विकतात आता.

कविराज: ठाऊक आहे. मी जातो अधूनमधून.

मिस्त्री: गाद्या घ्यायला?

कविराज: उभा राहायला. काचेशी जिथे नवी वारू ठेवायचे, तिथे आता डबलबेडची गादी आहे. मालक भला माणूस आहे. बसा म्हणतो.

वहिनी: झोपलेसुद्धा होते एकदा. मला येऊन उठवावं लागलं.

मिस्त्री: वहिनी, तुम्ही त्या टायरवर कशाला बसलात? आत खुर्ची आहे.

वहिनी: असू दे. या गाडीपायी मी कुठे कुठे बसलेय. टायर त्यातल्या त्यात बरा.

कविराज: मिस्त्री, रविवारच्या आत मला मूळ हॉर्न पाहिजे. भंगारात बघा, कुठल्या जुन्या वारूचा काढा, काहीही करा.

मिस्त्री: रविवारी काय आहे?

कविराज: कारखाना बंद होतोय. कायमचा. शेवटची वारू बाहेर काढणार आणि मग कामगारांच्या निरोपाचा कार्यक्रम. त्यात माझं गाणं आहे. कंपनीतून फोन आला होता. त्यांनी होऊन केला.

मिस्त्री: इतकी वर्षं तुम्ही त्यांना गाणी पाठवताय. आज जाग आली?

कविराज: असं म्हणू नका. प्रत्येक गाण्याला त्यांनी उत्तर दिलंय.

वहिनी: कॅलेंडर पाठवायचे.

कविराज: उत्तरच ते. एका वर्षी मी दोन गाणी पाठवली, तर दोन कॅलेंडरं आली. म्हणजे कोणीतरी मोजत होतं.

मिस्त्री: मग तुमचं गाणं त्यांनी ऐकलं कधी?

कविराज: तीच तर गंमत आहे. पहिलं गाणं मी कॅसेटवर भरून पाठवलं होतं. आम्ही दोघांनी याच गाडीत बसून, काचा वर करून म्हटलेलं. ती कॅसेट गेली कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथे रोज लावायचे म्हणे. एवढी वर्षं. अख्ख्या कारखान्याला पाठ आहे.

मिस्त्री: जेवताना?

कविराज: जेवण झाल्यावर.

वहिनी: सुट्टी संपली की लावायचे. भोंगा बिघडला होता त्यांचा. यांचं गाणं लागलं की लोक ताटं उचलून कामावर जायचे.

मिस्त्री: म्हणजे गाणं लागलं की सगळे उठून जायचे.

कविराज: कामाला जायचे, मिस्त्री. फरक आहे.

मिस्त्री: आहे, आहे. तुमच्या चष्म्याच्या दुकानापेक्षा बरंच आहे. तिथे तर डोळ्यांत थेंब घालून बसवता आणि मग गाता. माणूस जाणार कुठे? त्याला दार दिसत नसतं.

कविराज: तुम्हीच म्हणाला होता, आवडलं म्हणून.

मिस्त्री: मला दार दिसत नव्हतं.

वहिनी: अहो, मिस्त्रींना फोनचं पुढचं सांगा की. अर्ध्यावर कशाला सोडता?

कविराज: पुढचं काही विशेष नाही.

वहिनी: मग सांगायला काय जातंय?

कविराज: म्हणाले, गाण्यात ज्या बाईंचा आवाज आहे, त्यांना नक्की घेऊन या. कामगारांची फार इच्छा आहे.

वहिनी: आणि?

कविराज: आणि काय. बाई येणार नसतील तर तुम्हीही दगदग करू नका, आम्ही कॅसेट लावू.

मिस्त्री: असं आहे होय. मग चला की वहिनी. अख्खा कारखाना वाट बघतोय तुमची.

वहिनी: मी नाही म्हणून सांगितलंय.

कविराज: परवापासून नाहीच म्हणतेय. कारण विचारलं तर भाजी चिरत बसते. मिस्त्री, तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला ऐकायला बोलावलंय. रविवारनंतर तर बोलवायला कंपनीच उरणार नाही. मला जायचंय हो. फार जायचंय. आणि ही मधेच अडून बसलीय.

मिस्त्री: वहिनी, तब्येतीचं काही आहे का?

वहिनी: तब्येत ठणठणीत आहे. त्या गाण्यात खोटं आहे, ते मला आता म्हणवत नाही.

कविराज: खोटं? कुठे खोटं?

वहिनी: पहिल्याच ओळीत. म्हणा बरं मिस्त्रींना.

कविराज: 'थांबत नाही, थांबत नाही, वारू माझा थांबत नाही. घाट असू दे, वाट असू दे, मागे वळुनी पाहत नाही.' यात खोटं काय?

वहिनी: मिस्त्री, ही गाडी थांबत नाही?

मिस्त्री: वहिनी, मला यात ओढू नका. माझ्या दोन्ही पोरांची शिक्षणं या गाडीवर झाली आहेत.

कविराज: काव्यात अतिशयोक्ती चालते. अलंकार आहे तो.

वहिनी: हे गाणं तुम्हाला सुचलं कुठे?

कविराज: प्रवासात.

वहिनी: प्रवासात नाही, प्रवास बंद पडल्यावर. घाटाच्या पायथ्याशी गाडी बंद पडली होती. बॉनेटमधून वाफा येत होत्या आणि तुम्ही मैलाच्या दगडावर बसून म्हणालात, 'अगं ऐक, सुचलं. थांबत नाही, थांबत नाही.'

मिस्त्री: गाडी बंद पडलेली असताना?

कविराज: स्फूर्ती काय सांगून येते?

मिस्त्री: थांबा. तेव्हा मीच आलो होतो ना? पंख्याचा पट्टा तुटला होता. तेव्हा मी हाताखाली होतो आमच्या वस्तादांच्या. सायकलवर पट्टा टाकून मलाच पाठवलं होतं.

वहिनी: तुम्हीच. दुपार झाली होती तुम्ही आलात तेव्हा.

मिस्त्री: एवढ्या घाईनं निघाला होता कुठे तुम्ही?

वहिनी: यांना विचारा.

कविराज: शहरात जायचं होतं. हिचं काहीतरी काम होतं रेडिओ स्टेशनवर.

वहिनी: काहीतरी काम नाही. माझ्या आवाजाची चाचणी होती. शेकड्यांनी अर्ज गेले होते, त्यातून मोजक्या लोकांना बोलावलं होतं. बस सोडून मी या गाडीनं निघाले, कारण नवी गाडी, तुमची हौस. पोचलो तेव्हा ऐकणारे लोक उठून गेले होते. दारावरच्या माणसानं माझं नाव विचारलं आणि म्हणाला, 'बाई, तुम्हाला दोनदा हाक मारली.'

कविराज: पुन्हा अर्ज करता आला असता.

वहिनी: आला असता. परतीच्या वाटेवर मी तेच ठरवत होते, पण तुम्ही सगळा रस्ता मला हे गाणं शिकवत आलात. घरी पोचेपर्यंत मला ते पाठ झालं होतं. पुढच्या आठवड्यात कॅसेट भरली.

कविराज: मला वाटलं, तुला आवडलं.

वहिनी: चाल चांगली आहे. ते मी कधी नाकारलं नाही. पण मला फार वाईट वाटलं होतं हो त्या दिवशी. अजून वाटतं. आणि त्याच दिवसावर बांधलेलं गाणं मी इतकी वर्षं म्हणतेय, की गाडी थांबत नाही.

मिस्त्री: मी जरा पाना शोधतो.

वहिनी: बसा मिस्त्री. तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही यात. तुम्ही हिचं इंजिन दहादा खोललंय.

कविराज: म्हणजे तुझा या गाडीवर राग आहे.

वहिनी: गाडीवर कशाला असेल? गाडी चालू असली की तुम्ही गायचात. बंद पडली की माझ्याशी बोलायचात. माझा गाडीवर राग नाही.

मिस्त्री: हे बाकी खरं. मी पोचायचो तेव्हा तुम्ही दोघं नेहमी छान गप्पा मारत असायचात. मलाच मधे पडल्यासारखं व्हायचं.

कविराज: मग आता काय म्हणणं आहे तुझं? रविवारी मी एकटा जाऊन कॅसेटशेजारी उभा राहू?

वहिनी: एक शब्द बदला. मग येते.

कविराज: लिहिलेल्या गाण्यातला शब्द मी बदलत नाही.

वहिनी: मग राहिलं.

मिस्त्री: कविराज, शब्द तर ऐकून घ्या. ऐकायला काय लागतंय?

कविराज: कुठला शब्द?

वहिनी: 'नाही' काढा. तिथे 'होता' घाला.

कविराज: 'थांबत होता, थांबत होता, वारू माझा थांबत होता'? अगं, ही थट्टा आहे. त्या लोकांनी जन्मभर बनवलेली गाडी, आणि त्यांच्या तोंडावर मी सांगू की ती बंद पडायची?

मिस्त्री: त्यांना माहीत असेल.

वहिनी: तुम्ही तिथे उभे राहून 'थांबत नाही' म्हणणार. कोणासमोर? ज्यांचं सोमवारपासून सगळंच थांबणार आहे त्यांच्यासमोर. इतकी वर्षं ते ऐकून ती माणसं ताटं उचलून कामावर गेली. रविवारी ते लागल्यावर त्यांनी उठून जायचं कुठे?

कविराज: हा विचार मी केला नव्हता.

वहिनी: मी भाजी चिरताना तोच करत होते.

मिस्त्री: पण मात्रांचं काय? तुम्ही नेहमी म्हणता, शब्द हलवला की मात्रा सांडतात.

कविराज: थांबा, मोजतो. थांबत, चार. होता, चार. 'नाही'लाही चारच होत्या. बसतंय. दुर्दैवानं चपखल बसतंय.

मिस्त्री: आणि दुसरी ओळ? तिच्यातही 'नाही' आहे.

कविराज: तिथेही 'होता' घ्यावं लागेल. यमक सांभाळायला पाहिजे. 'घाट असू दे, वाट असू दे, मागे वळुनी...'

मिस्त्री: काय झालं?

कविराज: '...मागे वळुनी पाहत होता.'

मिस्त्री: आं?

कविराज: 'थांबत होता, थांबत होता, वारू माझा थांबत होता. घाट असू दे, वाट असू दे, मागे वळुनी पाहत होता.'

मिस्त्री: हे बरं वाटतंय हो, कविराज. म्हणजे मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण आधीचं ऐकताना मला नेहमी पुढचं गिऱ्हाईक आठवायचं. आत्ता नाही आठवलं.

कविराज: मी एवढी गाणी लिहिली. अशी ओळ मला एकदाही आली नाही.

वहिनी: तुमचीच आहे. मी फक्त एक शब्द काढला.

कविराज: येशील मग?

वहिनी: येईन. बसनं जाऊ पण.

कविराज: बसनं? वारूच्या निरोपाला बसनं?

वहिनी: एकदा पोचू नाही शकले मी. दुसऱ्यांदा ते नको. गाडी मिस्त्रींकडे राहू दे.

मिस्त्री: मी सांभाळतो. नाही तरी हॉर्न शोधायचाय.

कविराज: बरं. बसनं जाऊ.

मिस्त्री: लगेच हो म्हणालात?

कविराज: तुम्ही तो पट्टा घेऊन आलात, त्या दिवशी ही काय करत होती हो? मी दगडावर पाठमोरा बसलो होतो. मला फक्त माझी ओळ आठवतेय.

मिस्त्री: वहिनी? बॉनेटपाशी उभ्या होत्या. माझ्याकडे लक्ष नव्हतं. एकच ओळ परत परत म्हणत होत्या, अगदी हळू. मी मुद्दाम नट सावकाश पिळत होतो.

कविराज: माझी ओळ?

मिस्त्री: तुमची नव्हती. तुमची लगेच ओळखली असती, कानाशी चालू होती ना.

कविराज: अगं, काय म्हणणार होतीस तू त्यांच्यासमोर?

वहिनी: आता विचारताय?

कविराज: आता विचारतोय. मला माहीत नाही ते.

वहिनी: आईनं शिकवलेलं एक होतं. छोटंसंच. तुमच्या काळी दोनमध्ये बसत नाही ते, फार खाली जातं. म्हणून घरी कधी म्हटलं नाही.

कविराज: मग कशात बसतं?

वहिनी: पांढरी पाच. माझी पट्टी तीच आहे.

कविराज: म्हण ना.

वहिनी: इथे? या सगळ्या तेलकट पसाऱ्यात?

कविराज: इथेच म्हण. मी काही बोलत नाही मधे.

वहिनी: आवाज लागेल की नाही, सांगता येत नाही. बरेच दिवस झाले.

मिस्त्री: थांबा वहिनी. कॉम्प्रेसर बंद करून येतो.