माठाला लावलेले दोन कान

इकडे तोंड करून बोल बाळा — मान खाली घालून बोललीस की कळत नाही, बाहेर रिक्षांचा गोंगाट किती असतो बघतेस ना — हां, आता सांग. उजवीकडून आवाज येत नाही. कधीपासून? परवापासून. हेडफोन पडले होते का? नाही म्हणतेस, पण इथे बिजागरीपाशी ओरखडा आहे — असू दे, मी काही रागवत नाहीये, तुम्ही मुली हे गळ्यात घालून स्कूटीवर हिंडता, मान वळवली की हेल्मेट आपटतं, सगळ्यांचं इथेच तुटतं. आतली वायर गेली असणार. केसासारखी बारीक असते. दहा मिनिटांचं काम आहे, बस त्या स्टुलावर. मीच करते, दुसरं कोण करणार? पाटीवर भारत साउंड लिहिलंय ना, ते भारत म्हणजे आमचे हे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. मी दहावी झालेली, सोल्डरिंग यांच्याकडे बघून बघून शिकले.

रंग छान आहे हं. बिस्किटासारखा. ह्यांना नसता आवडला — म्हणजे रंग नाही, रंग बघून हेडफोन घेणं. एकदा एक मुलगी आली होती, तुझ्याच वयाची, म्हणाली काका, जांभळ्यात आहे का? तर हे म्हणाले, साडीच्या दुकानात जा, तिथे जांभळ्यात सगळं मिळेल. गेली ना ती निघून! मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक आहे, असं बोलतात का? तर म्हणाले, आता हा दागिना झाला, गळ्यात घालतात, कानात नाही. आवाज कसा आहे हे एकीनं तरी विचारलं का? — आता खरं सांगायचं तर कुणीच नव्हतं विचारत. नाशिक रोडला यांच्याइतका सुरेख साउंड लावणारा नव्हता, विहारातले कार्यक्रम, चौदा एप्रिल, लग्नं, सगळीकडे हेच. पण मग लोकांना भिंतीएवढे स्पीकर हवे झाले. मोठा आवाज हवा, चांगला कशाला हवा? आणि घरी म्हणाल तर मोबाइल आणि ते टपरीवरचे इयरफोन. हे विचारायचे, कसा वाटतो आवाज? लोक म्हणायचे, येतोय ना, झालं तर. येतोय ना, झालं तर — हे वाक्य ऐकलं की यांचा चेहरा उतरायचा. प्रेसमधून रिटायर झालेले सावळीराम काका तेवढे एक यायचे रेकॉर्ड प्लेअर घेऊन, मग दोघं तासन् तास एकाच गाण्यातली टाळी ऐकत बसायचे. मला हसू यायचं.

आणि आता गंमत बघ. त्यांना ज्या दागिन्याचा राग होता, त्या दागिन्यामुळेच तुम्ही विचारायला लागलात. आधी रंग बघून घेता, मैत्रिणीकडे आहे म्हणून घेता, फोटोत छान दिसतं म्हणून घेता — हसतेस काय, खरं आहे ना? — पण कानावर चढवले की चार दिवसांनी येऊन विचारता, काकू, हिच्या हेडफोनमध्ये तबला वेगळा कळतो, माझ्यात सगळं एकत्र का होतं? काकू, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, तो खरा असतो का? मागे दोघी जणी इथे, ह्याच स्टुलावर, भांडल्या की कुणाच्या हेडफोनमध्ये बासरी जास्त जवळ आहे. सावळीराम काका मध्ये पडले आणि तिघं भांडले. मी नुसती बघत होते. हे असते तर त्यांनी तिघांना चहा मागवला असता. चार वर्षं थांबले असते तर दिसलं असतं. नाही थांबले.

हे बघ, उघडलं. दिसतेय तुटलेली? लाल वायर. श्वास रोखून बस जरा, मी डाग देते — झालं. कठीण काही नाही यात. ही कानावरची गादी पण सैल झालीये, ती चिकटवते.

आता टेस्ट करायची. ब्लूटूथ नको, ही वायर लावते, कॉम्प्युटरला. आमची स्वतःची फाइल आहे टेस्टची, यांनी केलेली. गाणं नाही, बोलणं आहे. कशी केली सांगू? घरातला माठ घेतला — नवा माठ हं, उन्हाळ्यासाठी आणलेला, नुकता भिजवून ठेवला होता मी — तो उपडा घातला टेबलावर, दोन बाजूंना दोन बारके माइक चिकटवले, कान असतात तिथे. वरून माझा स्कार्फ गुंडाळला. म्हणाले, माणसाच्या डोक्याएवढाच आहे माठ, याला जसं ऐकू येईल तसंच हेडफोन लावणाऱ्याला येईल. आणि मग त्या माठाभोवती फिरून बोलत होते. डावीकडे. उजवीकडे. मागे. मग एक पाऊल. दोन पावलं. तीन पावलं. असं लांब लांब जात.

मी चिडले होते. माठ गेला म्हणून नाही. म्हणजे माठ गेला म्हणूनही. पण मी म्हटलं, अहो, माठाशी बोलता, माझ्याशी तर दोन-दोन दिवस शब्द नाही. खरंच नव्हता गं. वर्षभर तसंच चाललं होतं. मी स्वयंपाक करत असायचे, हे मागे येऊन उभे राहायचे, मी वळले की नुसते बघायचे. एक अक्षर नाही. मी म्हणायचे, काय हवंय? तर म्हणायचे, काही नाही. मला वाटलं, काहीतरी मनात धरलंय माझ्याबद्दल. त्या दिवशी सगळं बाहेर पडलं माझ्या तोंडून. सोमवार होता, दुकान बंद. मी म्हटलं, तुमच्या आवाजाला जगात कुणी विचारत नाही आणि घरात तुम्ही तोंड उघडत नाही, मग करायचा काय तो आवाज? यांनी मला खुर्चीत बसवलं, चांगलेवाले हेडफोन कानाला लावले, म्हणाले, माला, तुझ्यासाठी टेस्ट केलीये, शेवटपर्यंत ऐक. मला वाटलं, दुकानातलं शिकवतायत. मी ऐकली. चार पावलांपर्यंत ऐकली, पुढे शांत होतं. हे दारात उभे, माझ्याकडे टक लावून. मी हेडफोन काढले आणि म्हटलं, छान आहे. रागातच म्हटलं. मग ओट्यापाशी जाऊन त्यांनी चहा ठेवला. सव्वीस वर्षांत कधी गॅस पेटवला नव्हता त्या माणसानं. दोन कप. माझ्यासमोर एक ठेवला. मी घेतला नाही. शुक्रवारी गेले. हार्ट.

त्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत काय बोललो आम्ही, तर भाजी काय आणू, एवढंच.

नाही, रडत नाहीये. रडू येत नाही मला, तेही बरंच आहे, सोल्डर करताना डोळे कोरडे लागतात. घे, लाव कानाला. सुरू करते. — डावीकडे आलं? उजवीकडे? बरं. काढू नकोस. काढू नकोस गं. सगळे इथेच काढतात. येतोय आवाज काकू, म्हणतात आणि निघतात. चार वर्षं मी ही फाइल लावतेय, तुझ्यासारखीच्या तोंडाकडे बघते, मान हलली की समजायचं आवाज आला —

हो. नाही ऐकू येत मला. डावा कान तर गेलाच आहे, उजव्याला जवळचं येतं थोडं. तू बोलतेस ते मी ओठांवरून घेते. रिक्षांचं मी उगाच सांगते सगळ्यांना. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही बाई, फार आधीपासूनचं आहे, घरात कुणाच्या लक्षात नाही आलं? कुणाला सांगू नकोस हं. पुण्याला मुलगा आहे आयुष, त्याला कळलं तर म्हणेल, आई, ऐकू येत नाही आणि हेडफोन कसली दुरुस्त करतेस, कर दुकान बंद. म्हणून त्याला ही फाइल ऐकायला सांगत नाही.

मागच्या महिन्यात एक आली होती, नवऱ्या मुलींचा मेकअप करणारी. तिचे हेडफोन तुझ्यासारखेच भारी. तिनं नेहमीपेक्षा जरा जास्त ऐकलं आणि म्हणाली, काकू, काका अजून पावलं मोजतायत. मी म्हटलं, चारच आहेत ना? तर म्हणाली, नाही, आता सात झाली, शेवटी काही बोलणार वाटतं. आणि तिला फोन आला. गेली. मी महिनाभर तेवढंच घेऊन बसलेय. शेवटी मला काय बोलले असतील? वर्षभराच्या अबोल्यानंतर माणूस काय बोलेल? काहीही असेल. असेल ते असू दे. फक्त माहीत असावं.

तू मघाशी विचारलंस ना, काकू, दुरुस्त केल्यावर आवाजाचा दर्जा पहिल्यासारखाच राहील का — म्हणून तुला म्हटलं, बस. तू ऐकशील शेवटपर्यंत. किती झाली पावलं? बोटं दाखव. सहा. बरं. सात. इतकं हळू आहे? डोळे मिट हवं तर. मी बोलत नाही मध्ये.

आठ.

काय झालं? काय म्हणाले? इकडे बघून सांग. सावकाश. पुन्हा एकदा.

— माला, हे ऐकू आलं तर चहा ठेव.

एवढंच? मग? मग काही नाही, दाराचा आवाज. हो, ते दार वाजतं आमचं.

बरं.

दारात उभे होते, मी उठते का बघत. मी म्हटलं, छान आहे.

दे ते हेडफोन, वायर काढते. गादी संध्याकाळपर्यंत दाबू नकोस, डिंक ओला आहे. पैसे राहू दे. राहू दे म्हटलं ना. काय म्हणतेस? नाही कळत, मान खाली आहे तुझी. जा तू आता, बाळा. आणि जाताना ते शटर अर्धं ओढ.