जळालेल्या मोटरची केबल

हेडफोनचा विषय निघालाच आहे, तर आमच्या दाजींचं ऐका. कॅसेटच्या जमान्यात ते पुण्याहून जळगावला आले, ते भारी हेडफोन, अॅम्प्लिफायर आणि जपानी केबल घेऊन. म्हणाले, "अशी केबल तुमच्या खान्देशात जन्मात होणार नाही."

मला ते लागलं. आमच्या आबांच्या केळीच्या मळ्यातली मोटर जळालेली होती. तिची तांब्याची तार काढली, टोकांवरचं वार्निश खरवडलं, वेणी घातली आणि जपानी केबलच्या जागी जोडली.

दाजींनी डोळे मिटून ऐकलं. "तबल्यामागे कुणीतरी खोकलं. ही कॅसेट मी रोज ऐकतो, हा खोकला आजच ऐकू आला."

"तुमच्या केबलीत अडकत असेल, दाजी."

जाताना दाजी माझी वेणी घेऊन गेले. त्यांच्या जपानी केबलीवर आबांचा पंचा वाळतो.