नारळ दोन्ही हातांनी

मी शकू कुंडलिक भेरे, वय ३४ वर्षे, धंदा शेती, राहणार आंबेपाडा, टोकावडेजवळ, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मयत कुंडलिक हे माझे पती. ते आणि माझा सख्खा भाऊ दीपेश बोअर मारणाऱ्या एकाच गाडीवर कामाला होते. काल ती गाडी आमच्याच घरामागच्या शेतात लावली होती. दुपारी जेवणाच्या सुमारास पाणी लागले. सगळे भिजले. कुंडलिक हसत होते.

त्यानंतर कंप्रेसर बंद केला. हवेचा जाड पाइप गाडीवरच्या उभ्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला अडकला होता. तो सोडवायला कुंडलिक वायरीने सामान वर ओढणाऱ्या विंचच्या हुकात पाय ठेवून, वायर धरून वर गेले. गाडीवर सगळे असेच वर जातात. वर जाताना कमरेला बांधायचा सुरक्षेचा पट्टा केबिनमध्ये होता. विंचचा दांडा खाली दीपेशच्या हातात होता. विंचची खीळ मोडलेली असल्याने माणूस वर असेपर्यंत दांडा हाताने दाबून धरावा लागतो. माणूस चढवायचा विंच वेगळा असतो आणि हात सुटला की तो जागच्या जागी थांबतो, हे मला इथे आल्यावर साहेबांनी सांगितले.

आमच्याकडे पाणी लागले की घरची बाई गाडीवाल्याला कुंकू लावून नारळ देते. मी ताट घेऊन गेले. दीपेश म्हणाला, "ताय, थांब जरा, दाजी वर हायत." मी म्हणाले, "लगेच द्यायचा असतो रे." त्याला कुंकू लावले. त्याने दोन्ही हातांनी नारळ घेतला. विंच सुटला. कुंडलिक गाडीच्या लोखंडावर पडले.

त्यांना जीपने मुरबाडच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ते मयत झाल्याचे सांगितले. दीपेश बाकावर बसला होता. त्याच्या कपाळावर कुंकू तसेच होते, ते मी पदराने पुसले. मला रडू आले नाही, अजूनही येत नाही.

संध्याकाळी गाडीचे मालक घरी आले. म्हणाले, "कुंडलिक पिऊन आपल्या मनानं वर चढला, पाय सटकला, असं सांग. तुझा भाऊ सुटंल." भाऊ सुटावा असे मला वाटते. त्याच्याशिवाय माहेरचे मला कोणी उरले नाही. पण कुंडलिक दारूला शिवत नव्हते. मेलेल्या माणसाला मी दारुडा करणार नाही. विंचची खीळ मोडल्याचे कुंडलिक यांनी मालकांना माझ्यासमोर फोनवर सांगितले होते.

भावाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारले. त्यावर सांगते की, मघाशी एक गोष्ट सांगायची राहिली. दीपेशने आधी एकच हात पुढे केला होता. दुसरा दांड्यावर होता. मी नारळ मागे घेतला आणि म्हणाले, "एका हातानं घेतात का रे?" तेव्हा त्याने दुसरा हात सोडला. हे दीपेश कोणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नारळ फुटलेला नाही, घरी आहे. लागत असल्यास आणून देते.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. त्यातले काही कमी करायचे नाही.

सही / शकू कुंडलिक भेरे