ग्लेनिसची बाजू

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं 'छान चाललंय' तरी कशाला म्हणावं? नसेल छान, तर नाही म्हण! देवानं तोंड दिलंय ना? पण आमचा नेव्हिल, शेजारी हो, कुंपणापलीकडचा, रोज सकाळी चहाचा मग घेऊन कुंपणाशी हजर. "मॉर्निंग ट्रेवर. छान चाललंय." पाऊस असो, धुकं असो, माझा अंगठा हातोडीखाली सापडून मी आईमाईचा उद्धार करत असो... "छान चाललंय." आणि मी खुळा, त्या दोन शब्दांवर आख्खा हिवाळा गॅरेजमध्ये काढला!

काय चाललंय म्हणून विचारता? गाडी बांधतोय मी. घरी. हसू नका, आमच्या वेकफील्डात अर्धी गल्ली काही ना काही बांधतच असते, कुणी परड्यात छोटी आगगाडी, कुणी कबुतरांची खुराडी, मी गाडी. दोन माणसांची, उघडी, बुटकी, छप्पर नाही की दार नाही. सगळी सुटी खोक्यांतून येते आणि आपण बसून जोडायची. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'साधी हत्यारं आणि थोडा धीर असला की झालं.' हत्यारं होती माझ्याकडे.

ट्रकमधून सांगाडा उतरवला, नुसत्या लोखंडी नळ्या! ग्लेनिस, म्हणजे आमची ही, दारात उभी राहून म्हणते, "ट्रेवर, पलंग मागवलास का रे?" म्हटलं, गाडी आहे. "बरं," म्हणाली, आणि आत गेली. इंजिन यायचंय, चाकं यायचीत, म्हटलं, बाकी गाडी तयारच आहे!

आता तुम्ही म्हणाल, या वयात ही थेरं कशाला? सांगतो. मी तेव्हा पोरगेला, आणि ग्लेनिस माझ्याहून लहान. नवीनच जमलं होतं आमचं. फिलीला समुद्रावर जायची बस चुकली, म्हणून थांब्यावर उभे, एका कागदात दोघांत व्हिनेगर मारलेले गरम चिप्स, वारा असा की ते उडून माझ्या चष्म्यावर... आणि समोरून ती गेली. हिरवी, उघडी, दोन माणसांची. एक पोरगा, एक पोरगी, पोरीचे केस मागे उडालेले, आणि दोघं हसत होती. एवढंच हो! वळणावरून दिसेनाशी झालीसुद्धा. पण ग्लेनिस अशी बघत राहिली, हातातली चिप हातात... तिचा तसा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता, आणि खरं सांगू, नंतरही कित्येक वर्षं नाही. मी छाती काढून म्हटलं, "ग्लेनिस, एक दिवस तुला अशीच फिलीला नेईन."

मग काय, लग्न झालं, घर झालं, पोरी झाल्या, गाडी आली ती मागे कुत्र्यासाठी जागा असलेली. फिलीला जायचो की! दर उन्हाळ्यात. पण काचा लावून! मी उजवीकडे, स्टिअरिंगवर. ग्लेनिस डावीकडे, मांडीवर नकाशा आणि अंड्याच्या सँडविचचा डबा. "ट्रेवर, हळू. ट्रेवर, ट्रक. ट्रेवर, मेंढी!" आणि माझ्या मनातून ती हिरवी गाडी काही जाईना. निवृत्त झालो तर कामावरच्या लोकांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला वेळ बघायची होती का? मला फिलीला जायचं होतं! आणि आता ग्लेनिसचा गुडघा कुरकुरायला लागलाय. या गाडीत बसायचं म्हणजे कडेवरून पाय टाकून उतरायचं आत. आज टाकता येतो. पुढच्या उन्हाळ्यात येईल? त्याच्या पुढच्या? म्हणून ही घाई, दुसरं काही नाही.

तर घाई. गाडीचा तळ ठोकायचा तर सांगाडा उलटा करावा लागतो. केला. कढई पालथी घालावी तसा पालथा. तळ ठोकला. म्हटलं, आता ड्रिल हातात आहेच, तर पेडलांची भोकंही पाडून टाकू, पुन्हा कोण वाकणार! उजवीकडे बघून, नीट मोजून, पाडली. मग सांगाडा सुलटा केला, आणि आमच्या गॅरेजमध्ये एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला वाटाण्यांनी भरलेला फ्रीझर, जागा कुठाय? मी पुढच्या बाजूनं, इंजिनाच्या खोबणीतून डोकं आत आणि पाय वर, अशा अवस्थेत भोकं चाचपून पेडलं बसवली. अशा अवस्थेत माणसाला डावं काय नि उजवं काय? आणि नेव्हिल कुंपणाशी. त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. चहाचा घोट घेतला. म्हणाला, "छान चाललंय."

आता घरी गाडी बांधणाऱ्यांची एक रीत आहे. सगळे करतात, कबूल कुणी करत नाही. सांगाडा जरा बसण्याजोगा झाला, की आत उशी टाकून बसायचं, सुटं स्टिअरिंग हातात धरायचं, आणि तोंडानं 'व्रूम' करायचं! इंजिन नसताना. चाकं नसताना. मोठमोठे बाप्ये हो, बँकेतून निवृत्त झालेले! तर गेल्या रविवारी मीही ग्लेनिसची पाहुण्यांसाठीची उशी घेतली, गॅरेजचं दार उघडलं, उजवीकडे बसलो, स्टिअरिंग छातीशी धरलं, डोळे मिटले, पाय पुढे केला... पेडल नाही. आणखी पुढे केला. नाही! डोळे उघडून बघतो तर तिन्ही पेडलं डावीकडे! पालथ्यावर पाडलेली उजवी भोकं, सुलटं केल्यावर डावी झाली होती!

"नेव्हिल," मी ओरडलो, "पेडलं डावीकडे आहेत!"

"हो," म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"ईस्टरच्या आधीपासून." तो कानापर्यंत लाल. "मला वाटलं, तुम्ही फ्रान्सला राहायला जाताय. तिकडे डावीकडेच असतात ना. खासगी बाब आहे, आपण कसं विचारायचं?"

सांगा आता! अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

तेवढ्यात ग्लेनिस चहा घेऊन आली. "काय रे आरडाओरडा?" मी म्हटलं, काही नाही, इंजिन यायचंय, चाकं यायचीत... "बाकी तयारच आहे, ऐकतेय मी हिवाळाभर. थांब, बघू दे तरी बसून." कप फ्रीझरवर ठेवले, स्कर्ट सावरला, नेव्हिल सभ्य माणूस, ढग बघायला लागला, आणि तिनं गुडघा धरून, 'आई गं' म्हणत, कडेवरून पाय टाकला. कुठल्या बाजूला? डावीकडे! आयुष्यभर तिचीच बाजू ती. बसली. पाय लांब केले. आणि पाय बरोब्बर पेडलांवर.

तिनं खाली बघितलं. माझ्याकडे बघितलं. "ते दे इकडे," म्हणाली, आणि माझ्या हातातलं स्टिअरिंग काढून घेतलं. आणि तुम्हाला सांगतो, चर्चमध्ये दर रविवारी गाणारी माझी बायको, नातवंडांची आजी, तिनं गाल फुगवले आणि केलं, "व्रूऽऽऽम!"

मी म्हटलं, "ग्लेनिस, ती हिरवी गाडी आठवते? त्यातली ती पोरगी..."

"न आठवायला काय झालं? काय चालवत होती रे!"

"चालवत? अगं, चालवत तो होता. ती शेजारी."

"चालवत ती होती, ट्रेवर. तो नुसता टोपी धरून बसला होता. म्हणून तर बघत राहिले मी!"

बघा. सगळं आयुष्य मी ती गाडी मनात घेऊन फिरलो, आणि माझ्या मनात तिच्या स्टिअरिंगवर चुकीचा माणूस! मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू इतका खुशीत असायचास चालवताना," ती म्हणाली. "आणि छान चाललं होतं की." समोर गॅरेजच्या उघड्या दाराबाहेर रिमझिम चालू होती, तिकडे बघत तिनं हातातलं स्टिअरिंग वळवलं, आणि तोच चेहरा हो! बसथांब्यावरचा! मी पटकन चहाकडे बघितलं, नाहीतर रडलो असतो. आणि मग तोंडातून आपोआप निघालं, "ग्लेनिस, हळू. ग्लेनिस, मेंढी!"

"दिसली मला," ती म्हणाली. वेग काही कमी केला नाही.

परवा नेव्हिल पुन्हा कुंपणाशी. बिचाऱ्याला अपराधी वाटतंय, म्हणतो, "ट्रेवर, पेडलं उजवीकडे घ्यायला मदत करू? एका दुपारचं काम आहे."

म्हटलं, नको. असू दे.

"म्हणजे फ्रान्स नक्की?"

"फिली नक्की."

"आणि तू कुठं बसणार?"

काय सांगणार त्याला? इंजिन यायचंय, चाकं यायचीत. टोपी मात्र घेऊन आलोय मी, घट्ट बसणारी. म्हटलं, "नेव्हिल... छान चाललंय."