दुसरी सूनबाई

“सूनबाईला सगळं बघू दे, पण कशालाही हात लावू देऊ नको.”

आमचे हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, आणि मी चहा घेऊन दाराशी. लग्न होऊन बारामतीहून कळसला आले त्याला महिनाही झाला नव्हता. म्हणजे सूनबाई मीच असणार.

तर नाही. यांच्या कंपनीचा सगळा डेटा क्लाउडवर असतो. तिथं कुठं काही उघडं राहिलंय का, ते तपासणारं टूल हे घरी बसून जोडत होते. त्याला वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि परवानगी फक्त बघायची, काही बदलायची नाही. म्हणून ऑफिसातल्या केतकीनं खात्याला नाव सुचवलं, सूनबाई.

“लई डोकं हाय तिला,” हे कौतुकानं म्हणाले. मी कप ठेवला, जरा जोरातच.

संध्याकाळी हे हसत हसत स्वयंपाकघरात आले. “आई, सूनबाईनं पहिल्याच दिवशी एक उघडं दार शोधून काढलं बघ.”

“गुणाची हाय तुझी कंपनीतली सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या.

आमच्या मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, हे मी परवाच सांगितलं होतं. तेव्हा ह्याच म्हणाल्या होत्या, “आल्या आल्या चुका काढाय लागली.”

मी तव्यावर भाकरी टाकली आणि दोघांना ऐकू जाईल असं म्हटलं, “अहो, मागच्या दाराची कडी अजून लागत नाही. तेवढं तुमच्या सूनबाईकडून आईंना कळवा.”