मस्करीत दिलेली मोकळीक

—नाय ताई, बसत नाय, उभाच बरा हाय. तुमी विचारलंत ना, बाबा शेवटी काय लिहीत होते — गुलामांचं. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मुसलमानी कायद्यात गुलामाला मोकळा कसा करायचे, ते. सरांची, म्हणजे तुमच्या बाबांची, नजर गेली, मग वाचायचं कुणी? मी. नववीत शाळा सोडलेला. अडखळायचो, की सर ओरडायचे, "स्वप्नील, वाक्य आहे रे ते, खड्डा नाही!" — काल तेरावं झालं, आता कोण ओरडत नाय. काहीतरी वाटलं पायजे ना? काय वाटत नाय.

त्यात एक होतं — मालक नुसता मस्करीत म्हणाला, जा, तू सुटलास, तरी तो सुटला. मस्करी केली म्हणून शब्द परत घेता येत नाय. ते वाचलं तेव्हा सर काय हसले! आईंना हाक मारली, "पद्मजा, साक्षीला ये गं," आणि मला म्हणाले, "जा, आजपासून तू मोकळा." आई हसल्या, मीपण हसलो. मग — हे तुमाला कशाला सांगतोय — दुपारी मी पिशवी भरली. खरंच. फाटकापर्यंत गेलो. तिथं आठवलं, सरांच्या डोळ्यांत थेंब घालायचे राहिलेत. आलो परत. कुणाला कळलंपण नाय.

तसा मी काय गुलाम नाय हो — पगार होता, जेवण होतं. "घरचाच आहेस तू" — हो, आत्ता म्हणालात, ऐकलं मी. पुस्तकातपण तसंच होतं. मोकळा झालेल्याला मालकाच्या घरचाच धरायचे. तो बिनवारस मेला तर त्याचं सगळं मालकाला. आणि मालक मेला तर त्याला? काय नाय. सरांना विचारलं, असं का? म्हणाले, पुढचं वाच.

सोमवारी लोधिवलीच्या गॅरेजात हजर व्हायचंय मला. दोनदा बोलावलं त्यांनी, आता नाय बोलावणार. आईंचं बघायला भिवपुरीच्या विमलबाई येतील, विचारून ठेवलंय. तुमी फक्त एकदा म्हणा, जा म्हणून. मस्करीत नको, नीट म्हणा. माझं मला जाता येत नाय ताई, बघितलंय मी करून.

आईंकडं काय बघताय? मी तुमाला विचारतोय.

बरं. सरका जरा — त्यांच्या आंघोळीचं पाणी उतरवायचंय.