काचेमागची आई

(दुपार. रेस्टॉरंट अजून उघडलेलं नाही. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. फक्त एकच खुर्ची खाली, तिच्यावर आई. समोर काचेचं स्वयंपाकघर; ताई त्याच्या आत, बंड्या दाराशी.)

ताई : चार विजेच्या शेगड्या, दोन ओव्हन, डोक्यावर एक एक्झॉस्ट. तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला भिंत. जागा साडेआठ फूट बाय सात. आणि मधोमध एक आई. एवढंच ना? की आणखी काही मोजायचं राहिलं?

बंड्या : झालं असेल तर बाहेर ये. काचेवर तुझ्या बोटांचे ठसे उमटतायत. संध्याकाळी लोक यायचेत.

ताई : काल आई इथे घेरी येऊन फरशीवर बसली, तेव्हा तुझे हे लोक काय करत होते?

बंड्या : मी इथेच होतो, ताई. मला नको सांगूस.

ताई : सांगणार. शूटिंग करत होते. त्यांना वाटलं, खालच्या कप्प्यातून काहीतरी खास काढतेय. एकीने तर टाळ्या वाजवल्या.

आई : एकीने नाही गं, तिघांनी. मला आतून दिसत होतं.

बंड्या : आई, तू बोलू नकोस. पाणी पी.

आई : पाणी पिऊन पिऊन पोटात डबकं झालंय. तुम्ही भांडा, मी बसलेय.

ताई : मी तिला घरी घेऊन चाललेय. आजच. आणि पुन्हा ती या पेटीत पाऊल ठेवणार नाही.

बंड्या : पेटी? आठ महिने राबलोय मी या पेटीसाठी. जरा बाहेर जाऊन बघ. समोर अंधारात जेवायचं हॉटेल आहे, ताटात काय आहे तेही दिसत नाही. त्याच्या शेजारच्याने ताटंच काढून टाकलीत, सरळ टेबलावर वाढतो. कोपऱ्यावर जेवताना बोलायला बंदी आहे, आणि तिथे बाहेर रांग असते! या सगळ्यांत माझ्याकडे दाखवायला काय होतं? आई होती.

ताई : म्हणून तिला काचेत ठेवलीस. प्राणिसंग्रहालयात ठेवतात तशी.

बंड्या : तोंड सांभाळ हं.

ताई : आणि काचेवर लिहिलंस काय, तर ‘आई कधी थकत नाही’. एवढ्या मोठ्या अक्षरांत! लाज कशी नाही वाटली रे?

बंड्या : तुला काय जातंय बोलायला? तू तिकडे प्रयोगशाळेत उंदरांची तापमानं घेत बसतेस, महिन्यातून एकदा उगवतेस आणि आम्हाला शिकवतेस. आईला मी डॉक्टरकडे नेलं. मी. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं केलं. सगळं नॉर्मल आहे.

ताई : मग काल काय झालं तिला?

बंड्या : वय झालंय, ताई. तूच बघ ना.

आई : खरं आहे त्याचं. वयच. मी एक्झॉस्ट सगळ्यात मोठा करून ठेवते, तो एवढा घोंघावतो, आणि तरी मला उकडतंच. आधी नव्हतं होत असं. म्हटलं, साठी उलटली, आता या अंगाचा काही भरवसा नाही.

ताई : आधी म्हणजे कधी?

आई : उघडल्या उघडल्या. तेव्हा मागून छान वारा यायचा.

ताई : मागून? मागे तर भिंत आहे.

आई : भिंत कसली डोंबलाची? दार आहे ते. भांडी घासायच्या मोरीचं.

ताई : बंड्या.

बंड्या : काय बंड्या? फोटोत मोरी दिसायची. आई पुढे हसतेय आणि मागे खरकट्या ताटांचा ढीग! प्रत्येक फोटोत. म्हणून फळी मारली, वर बरण्यांचं चित्र लावून घेतलं. छान दिसतंय की.

ताई : फटी?

बंड्या : त्या बुजवल्या. वास यायचा मोरीचा.

ताई : आणि या काचेच्या दाराला रबर लावलंयस. वाढायच्या खिडकीलाही काच.

बंड्या : भांड्यांचा आवाज होतो बाहेर. लोक शांतपणे बघतात, तेच तर...

ताई : मग हवा कुठून येणार आत?

बंड्या : एक्झॉस्ट आहे ना! चांगला महागातला बसवलाय.

ताई : अरे गाढवा, तो बाहेर काढतो. आत यायला वाटच नाही ठेवलीस, तर तो काढणार काय? पाण्याची रिकामी बाटली तोंडाला लाव आणि ओढ. बाटली चेपेल, हवा येणार नाही. तुझा पंखा नुसता गरगरतोय जागच्या जागी.

बंड्या : आली मोठी शास्त्रज्ञ! पुस्तकातलं इथे नको झाडूस.

ताई : तो टिश्यू पेपर दे. दे म्हणते ना! आता आत ये माझ्याबरोबर, दार लाव, आणि एक्झॉस्ट सुरू कर. पूर्ण.

बंड्या : केला. ऐक, विमानासारखा आवाज येतोय.

ताई : आवाज नको ऐकूस. कागद बघ. एक्झॉस्टच्या जाळीला लावते आणि सोडते. काय झालं?

बंड्या : ...पडला.

ताई : पुन्हा. पडला. आता काचेचं दार सताड उघड. उघडलंस? हा लावला, हा सोडला.

बंड्या : चिकटला.

ताई : आई, तुला दिसतंय का तिथून?

आई : दिसतंय. बंड्या, तू बाहेर ये आणि बाहेरून दार लाव बघू पुन्हा.

बंड्या : लावलं.

आई : पडला कागद. उघड.

बंड्या : आई, कळलं मला...

आई : उघड म्हटलं ना.

ताई : चिकटला, आई.

आई : म्हणजे माझं वय नव्हतं?

ताई : नाही.

आई : ही फळी कधी मारलीस रे तू?

बंड्या : अगं, फोटोंचं सगळ्यांनी...

आई : कधी ते जाऊ दे, मला माहीत आहे कधी ते. मला विचारलंस का, हे विचारतेय! त्या दिवशी मी सकाळी आले तर मागे बरण्या रंगवलेल्या. मी म्हटलं, छान आहेत. छान म्हटलं मी! आणि तेव्हापासून रोज रात्री अंथरुणात पडून स्वतःला चाचपत होते, छातीत काही होतंय का, हाताला मुंग्या येतायत का. तू मला डॉक्टरकडे नेलंस. रिपोर्ट चांगला आला, तेव्हा मी जास्त घाबरले. म्हटलं, ज्याला नाव नाही असं काहीतरी झालंय मला. आता तुम्हाला सांगायचं कसं, याची जुळवाजुळव करत होते मी!

बंड्या : मला काय माहीत, आई? खरंच सांगतो...

आई : तू ‘वय झालंय’ म्हणालास. आत्ता, माझ्यासमोर. किती पटकन म्हणालास.

ताई : चल, आई. चप्पल घाल. आपण घरी जाऊ.

आई : तू कुठे नेतेस मला?

ताई : घरी. आता कळलं ना काय चाललंय ते.

आई : घरी जाऊन काय करू? तुझी वाट बघू, महिनाभर? तूसुद्धा आल्यापासून मला न विचारता ठरवतेयस. हा फळी मारतो, तू गाठोडं बांधतेस. मी तुझा उंदीर नाहीये.

ताई : लोक तुला बघायला येतात, आई. तमाशा बघावा तसे.

आई : येऊ देत. मला आवडतं. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून रांधलं, कांदा कसा परतला ते कुणी मान वळवून पाहिलं नाही. तुझ्या बाबांनी नाही, तू नाही. इथे लोक हातातला घास थांबवून बघतात. काच राहील. मला काचेचा त्रास नाही.

बंड्या : बघ! मी म्हणत होतो...

आई : तू गप्प बस. तुझं झालेलं नाही. आत जा.

बंड्या : आत्ता?

आई : चारही शेगड्या लाव, दोन्ही ओव्हन लाव. कांदा चिरून ठेवलाय, पातेलंभर परतायचाय. दार लाव मागे. आणि ताई, तुझ्या पिशवीत ते तापमान बघायचं असतं ना?

ताई : आहे.

आई : ते आत टांग, त्याच्या डोक्याजवळ. आकडा इकडे दिसेल असं. आणि माझी खुर्ची काचेला लाव. मी बघते.

बंड्या : आई, हे काय लहान मुलासारखं?

आई : जा म्हटलं ना!

ताई : जा, बंड्या.

आई : ...हसत नाहीये तो. बघितलंस? मला म्हणायचा, आई, हसतमुख राहा, लोक समोर आहेत.

ताई : छत्तीस झालं.

आई : उलथन्याने कड सोडव रे! लागतोय तो कांदा! ऐकू येत नाही त्याला. रबर लावलंय ना.

ताई : एकोणचाळीस. आई, त्याचा शर्ट चिकटलाय पाठीला.

आई : माझा ब्लाउज चिकटायचा. इतके फोटो काढले, एकालाही दिसला नाही.

ताई : बेचाळीस. पुरे आता, आई. चेहरा बघ त्याचा.

आई : मी कुठे कुलूप लावलंय? यायचं तर येईल. बघ, काचेवर टकटक करतोय. खिडकी सरकव.

बंड्या : ताई, स्क्रूड्रायव्हर. त्या गल्ल्याखालच्या खणात आहे. दे लवकर.

ताई : बाहेर येऊन काढ की.

बंड्या : नको. दे इथेच.

आई : दे त्याला. शेगड्या बंद करू नकोस रे, कांदा हलवत राहा! एका हाताने हलव.

ताई : बरण्या गेल्या... फटींतलं सगळं ओढून काढतोय. आली फळी खाली.

आई : मोरीवाल्या मावशी दिसायला लागल्या. दचकल्या बिचाऱ्या. ॲप्रन दे माझा.

ताई : आई, आधी हवा खेळू दे जरा.

आई : कागद लावून बघ.

ताई : चिकटला.

आई : आकडा?

ताई : उतरतोय. अडतीस. थांब थोडी.

बंड्या : आई, संध्याकाळच्या फोटोंत ताटं दिसणार. सांगून ठेवतो.

आई : दिसू देत. जेवल्यावर ताटं खरकटी होतात, ठाऊक असेल लोकांना. बाहेर ये आता, आणि तोंड धू. ताई, किती?

ताई : तेहतीस.